मडक्याआधीचे भांडे

शाळेत 'भोपळा' हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांसमोर भाजी येत नाही, उत्तरपत्रिकेवरचे शून्य येते. आपल्या भाषेतही या फळाला फारसा मान नाही. फुटतो तो भ्रमाचा भोपळा. दोघांचे पटत नसले तर त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. आणि लोकांच्या पैशावर स्वतःची सोय पाहणारा माणूस आपली तुंबडी भरतो. यातल्या तुंबडीपाशी जरा थांबू या. तुंबडी म्हणजे लहान भोपळा वाळवून, पोखरून केलेले भांडे. ती भरता येते, कारण ती आतून पोकळ असते. या पोकळीसाठीच माणसाने हजारो वर्षे एक वेल जपला, वाढवला आणि त्याच्या फळावर नक्षीही कोरली. त्या नक्षीदार वाटीची ही हकीकत आहे.

आधी नावाचा घोटाळा दूर करायला हवा. मराठीत 'भोपळा' या एकाच शब्दात दोन वेगळ्या वनस्पती येतात. लाल भोपळा किंवा डांगर ही मूळची अमेरिकेतली. कोलंबसाच्या सफरीनंतरच ती जुन्या जगात पोचली. आपल्याला ज्याचा विचार करायचा आहे तो दुध्या भोपळ्याचा, म्हणजेच तुंब्याचा वेल. त्याचे शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया. दोन्ही वेलांची ओळख मुलांना फुलांवरून पटवता येते. लाल भोपळ्याचे फूल पिवळे असते आणि सकाळी उमलते. दुध्याचे फूल पांढरे असते, ते संध्याकाळी उमलते आणि निशाचर पतंग त्यावर येतात.

इतिहासाच्या पुस्तकात भांड्यांचा विषय निघतो तो बहुधा मातीच्या खापरांपासून. उत्खननात खापरे सापडतात, त्यांच्या रंगा-आकारावरून संस्कृतीची नावे ठरतात. त्यामुळे भांडी करणे म्हणजे माती भाजणे, असा आपला नकळत समज होतो. हा समज किती अपुरा आहे ते दक्षिण अमेरिकेतल्या एका टेकाडाने दाखवून दिले.

वाका प्रिएताच्या दोन वाट्या

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, चिकामा नदीच्या मुखाजवळ, समुद्राला लागून एक काळपट टेकाड आहे. त्याचे नाव वाका प्रिएता. 'प्रिएता' म्हणजेच काळपट. राख, शिंपले, माशांची हाडे आणि माणसाने टाकलेला कचरा यांचे थरावर थर साचून ते उभे राहिले आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयातील पुरातत्त्वज्ञ ज्युनिअस बर्ड यांनी १९४६-४७ मध्ये तेथे उत्खनन केले.

जुन्या थरांत बर्ड यांना मातीच्या भांड्याचा तुकडाही मिळाला नाही. मिळाले ते कापसाचे हातविणीचे कापड, मासेमारीची जाळी, आणि भोपळ्याच्या कवचाचे हजारो तुकडे. काही भोपळे जाळ्यांना तरंगण म्हणून बांधलेले होते, काहींची भांडी केलेली होती. एका कबरीत तर दोन लहान, झाकणाच्या वाट्या मिळाल्या. दोन्ही वाळलेल्या भोपळ्याच्या, हाताच्या पंजात मावतील एवढ्या. त्यांच्यावर नक्षी कोरलेली होती. एकीवर भौमितिक रेषांच्या चौकटीत बसवलेले माणसाचे चेहरे स्पष्ट ओळखू येत होते. या वाट्यांचा काळ आजपासून सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो.

हा काळ ठरवता आला तोही एका नव्या पद्धतीमुळे. विलर्ड लिबी यांनी किरणोत्सारी कार्बनवरून वय मोजण्याची पद्धत १९४९ च्या सुमारास सिद्ध केली आणि वाका प्रिएताचे नमुने या पद्धतीने तपासल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुरातत्त्वीय नमुन्यांपैकी होते. लिबी यांना याच शोधासाठी १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे टॉम डिलहे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच टेकाडात पुन्हा उत्खनन केले, तेव्हा तेथील वस्तीचा इतिहास आणखी कित्येक हजार वर्षे मागे गेला.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की वाका प्रिएताचे लोक मडकी घडवत नव्हते, पण त्यांच्याकडे भांडी होती. ती केवळ गरजेपुरतीही नव्हती. ज्या माणसाने त्या वाटीवर चेहरा कोरला, त्याच्या मनात भांडे आणि अलंकरण या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. नक्षी ही पोट भरल्यावर सुचणारी चैन आहे, असे आपण सहज म्हणून जातो. वाका प्रिएताच्या वाट्या त्या विधानाला आधार देत नाहीत.

उरते तेच दिसते

मग अशा वाट्या जगभर का सापडत नाहीत? कारण साधे आहे. भोपळा कुजतो. पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्राचा थंड प्रवाह वाहतो. त्यामुळे तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही आणि किनाऱ्याची पट्टी कोरडे वाळवंट आहे. ओलावा नसल्यामुळे कापूस, दोर, भोपळ्याचे कवच अशा वस्तू हजारो वर्षे टिकल्या. आपल्यासारख्या मोसमी पावसाच्या प्रदेशात तीच वाटी जमिनीत काही पावसाळ्यांत माती होऊन जाईल.

पाषाणयुग, ताम्रयुग, लोहयुग ही नावे आपण ज्या वस्तू टिकल्या त्यांवरून दिली आहेत. त्या काळातल्या माणसाच्या हाती दगडापेक्षा लाकूड, बांबू, वेत, कातडे आणि भोपळा जास्त वेळ असला पाहिजे. त्याचा पुरावा गेला म्हणून ते नव्हतेच असे म्हणता येत नाही. मात्र उलट बाजूनेही सावध राहायला हवे. सर्वत्र आधी भोपळा आणि मग मडके, असा नियमही करता येत नाही. चीनमध्ये मातीची भांडी सुमारे २०,००० वर्षांपूर्वीपासून आढळतात आणि तेथले भोपळ्याचे पुरावे त्यानंतरचे आहेत. पेरूमध्ये मात्र मडके येण्याआधी काही हजार वर्षे भोपळ्याचे भांडे होते, हे निश्चित आहे.

कवच कुजले तरी काही खुणा उरतात. वनस्पती मुळांवाटे घेतलेली सिलिका पेशींमध्ये साठवतात आणि तिचे सूक्ष्म खडे तयार होतात. भोपळ्याच्या कवचातल्या खड्यांचा आकार वैशिष्ट्यपूर्ण असतो. वेल कुजून गेल्यावरही ते मातीत राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात.

त्याहून बोलका पुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरूच्याच चियोन नदीच्या खोऱ्यात ब्वेना विस्ता नावाचे सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचे स्थळ आहे. तेथे मिळालेल्या भोपळ्याच्या भांड्यांच्या आतल्या बाजूला चिकटलेला अंश नील डंकन, डेबोरा पिअरसॉल आणि रॉबर्ट बेन्फर यांनी तपासला. त्यात पिष्टमय कण सापडले. बटाटा, कसावा आणि मिरची यांचे कण त्यांत ओळखता आले. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या जेवणात काय वाढले होते, ते न घासलेल्या वाटीने सांगितले!

फळाची वाटी कशी होते

आता वाटी तयार कशी होते ते पाहू. बाजारात दुध्या घेताना आपण त्याला नख लावून पाहतो. नख रुतले तर दुध्या कोवळा. अशा फळात सुमारे ९५ टक्के पाणी असते. तोच दुध्या वेलावर ठेवला तर काही आठवड्यांनी नख रुतेनासे होते. सालीखालच्या पेशींच्या भित्ती जाड होत जातात आणि त्यांत लिग्निन भरते. लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ तो हाच. पेरूच्या फळात दाताखाली जी कणी येते, तिच्यासारख्या अश्मपेशींचा एक सलग थर येथे तयार होतो. म्हणजे वेल मऊ असला तरी त्याच्या फळाचे कवच एका अर्थाने लाकूडच असते.

देठ वाळून तपकिरी झाला की फळ काढून हवेशीर जागी टांगतात. पाणी कवचातून अगदी सावकाश बाहेर पडते. आकारमानानुसार याला दोन ते सहा महिने लागतात. या काळात सालीवर काळ्या-पांढऱ्या बुरशीचे डाग पडतात. पाहणाऱ्याला वाटते फळ सडले. पण कवच कठीण राहिले असेल तर ही बुरशी फक्त वरच्या पातळ सालीवरच असते. कवच दबू लागले तर मात्र फळ टाकून द्यावे. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की फळ तयार झाले.

मग ते पाण्यात भिजवून वरची साल बोथट सुरीने खरवडतात. वाटीची कड एका पातळीत हवी असेल तर एक सोपी युक्ती आहे. चार पुस्तकांच्या थप्पीवर पेन्सिल आडवी धरावी आणि टोकाला टेकवून भोपळा जागच्या जागी फिरवावा. सगळीकडे सारख्या उंचीवर रेघ उमटते. या रेघेवर बारीक दातांच्या करवतीने कापावे. आतला वाळलेला गर कागदासारखा, काहीसा थर्माकोलसारखा असतो. तो चमच्याने खरवडून काढावा आणि काचकागदाने घासावे. ही धूळ श्वासात गेली तर खोकला व त्रास होतो. म्हणून नाकावर फडके बांधावे आणि आतला भाग ओला करूनच घासावा.

या कुळातल्या फळांमध्ये कुकुर्बिटॅसिन नावाची अतिशय कडू द्रव्ये असतात. जुन्या, जाड कवचाच्या जातींत ती पुष्कळ असतात. कडवटपणा घालवण्यासाठी वाटीत पाणी भरून ते कित्येक दिवस बदलत राहतात. ही द्रव्ये विषारी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लागणारा दुध्याचा रस पिऊ नये असे बजावले आहे. शाळेत केलेली वाटी शोभेसाठीच ठेवावी हे बरे.

नक्षीच्या तऱ्हा

पेरूमध्ये ही कला आजही जिवंत आहे. अँडीज पर्वतात, मांतारो नदीच्या खोऱ्यात, वांकायो शहराजवळ कोचास चिको आणि कोचास ग्रांदे ही दोन गावे आहेत. तेथील कारागीर भोपळ्यावर शेतीची कामे, लग्ने, मिरवणुका यांची चित्रे इतकी बारीक कोरतात की एका भोपळ्यात सबंध वर्ष मावते. वांकायो समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून उंच आहे. तेथल्या थंडीत हा वेल नीट वाढत नाही. भोपळे खालच्या उबदार भागातून आणि किनाऱ्यावरून वर येतात. म्हणजे ही कला डोंगर आणि किनारा यांच्यातल्या देवघेवीवर उभी आहे.

या कारागिरीला तेथे 'माते बुरिलादो' म्हणतात. 'बुरिल' म्हणजे कोरणी. 'माते' हा केचुआ भाषेतून आलेला शब्द, त्याचा अर्थ भोपळ्याचे भांडे. अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत माते नावाचे चहासारखे पेय पितात, त्याचे नाव पानांवरून नव्हे तर ते ज्यातून पितात त्या भोपळ्याच्या पेल्यावरून पडले आहे.

रंग देण्याच्या पद्धतींत रसायनशास्त्राचे साधे धडे आहेत. एक तऱ्हा जाळण्याची. पेटत्या काडीचा निखारा फुंकून कवचाजवळ नेतात. अंतर आणि वेळ यांनुसार पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत छटा मिळतात. पोळीवर डाग पडतात तसाच हा करपण्याचा प्रकार, फक्त हाताच्या ताब्यात ठेवलेला. दुसरी तऱ्हा काजळीची. कोरलेल्या भागात गवत जाळून केलेली काळी राख आणि चरबी किंवा तेल यांचे मिश्रण चोळतात आणि पृष्ठभाग पुसून घेतात. गुळगुळीत कवचावरून काळे निघून जाते आणि कोरलेल्या खाचेत ते धरून बसते.

चीनमध्ये कारागिरांनी तिसरीच वाट काढली. त्यांनी वेलावरचे कोवळे फळ आतून नक्षी असलेल्या साच्यात वाढवले. फळ वाढते, साचा भरतो आणि नक्षी फळावर उठते. मग ते वाळवले की उठावदार नक्षीचे भांडे तयार! सतराव्या-अठराव्या शतकांत, कांगशी सम्राटाच्या काळात, राजवाड्याच्या कारखान्यांत अशी भांडी होत असत. पश्चिम आफ्रिकेत फुलानी स्त्रिया नक्षीदार भोपळ्यांत दूध-दही ठेवतात आणि अशी भांडी त्यांच्या संसाराचे धन मानली जातात.

येथे पुन्हा एक सावधगिरी. मेक्सिकोत 'हिकारा' नावाच्या सुंदर रोगणी वाट्या मिळतात. त्यांतल्या पुष्कळशा तुंब्याच्या नसतात. त्या क्रेसेन्शिया कुजेटे या झाडाच्या फळापासून केलेल्या असतात. हा वेल नाही, वृक्ष आहे आणि त्याचे कूळही अगदी वेगळे. आपल्याकडे काही उद्यानांत तो लावलेला दिसतो. गरज सारखी असली की माणूस वेगवेगळ्या वनस्पतींतून एकच वस्तू काढतो. म्हणून आकारावरून वनस्पती ओळखू नये, हे वनस्पतिशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

वेल अमेरिकेत पोचला कसा?

आता खरे कोडे. हा वेल मूळचा आफ्रिकेतला. झिंबाब्वेमध्ये त्याचा रानटी प्रकार सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रानटी फळाचे कवच पातळ असते. माणसाने जाड कवचाची फळे निवडून त्यांचे बी धरले, म्हणून लागवडीतल्या फळाचे कवच जाड झाले. पुरातत्त्वज्ञ याच जाडीवरून लागवड ओळखतात. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या गिला नाकित्स गुहेत मिळालेल्या कवचाचे वय सुमारे १०,००० वर्षे भरते. कोलंबसाच्या कितीतरी आधी आफ्रिकेचे फळ अटलांटिकपलीकडे गेले कसे? माणसाने नेले, की ते आपले आपण वाहत गेले?

वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस व्हिटेकर आणि भूगोलज्ञ जॉर्ज कार्टर यांनी यावर वाद घालत बसण्याऐवजी प्रयोग केला. त्यांनी भोपळे समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवले आणि ठराविक दिवसांनी आतल्या बिया पेरून पाहिल्या. १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की २२४ दिवस तरंगल्यानंतरही बिया उगवतात. नंतरच्या नोंदीत ही मुदत जवळजवळ वर्षभरापर्यंत गेली. म्हणजे वाहत जाणे शक्य होते. पण जे शक्य होते ते घडलेच, असे यातून सिद्ध होत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाळूत पडलेल्या फळाचे बी आत गोड्या मातीपर्यंत कोणी नेले, हा प्रश्न उरलाच.

२००५ मध्ये डेव्हिड एरिक्सन, ब्रूस स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मिळालेल्या प्राचीन कवचांतला डीएनए तपासला. आफ्रिकी आणि आशियाई भोपळ्यांत फरक दाखवणाऱ्या काही मोजक्या खुणा त्यांनी निवडल्या होत्या. प्राचीन अमेरिकी नमुने आशियाई गटाशी जुळले. निष्कर्ष असा निघाला, की आशियातून अमेरिकेत आलेल्या आद्य लोकांनी कुत्र्याप्रमाणे हा भोपळाही बरोबर आणला. अनेक पुस्तकांत हे उत्तर गेले. अडचण एकच होती. ते लोक ज्या अतिथंड प्रदेशातून आले तेथे हा उष्ण हवेतला वेल पिढ्यान्‌पिढ्या जगला कसा असेल?

२०१४ मध्ये लोगन किस्लर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न मोठ्या सामग्रीने पुन्हा घेतला. मोजक्या खुणांऐवजी त्यांनी हरितलवकाच्या डीएनएतील सुमारे ८६,००० घटकांचा क्रम लावला. आता कोलंबसपूर्व अमेरिकी नमुने आफ्रिकी गटाशी जुळले. आधीच्या खुणा दोन गटांत विश्वासार्ह भेद करण्यास अपुऱ्या होत्या, हे स्पष्ट झाले. शिवाय सागरी प्रवाहांचे गणिती प्रारूप मांडून त्यांनी दाखवले, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुटलेला भोपळा सरासरी नऊ महिन्यांच्या आसपास अमेरिकेला लागू शकतो. व्हिटेकर-कार्टर यांच्या प्रयोगातल्या मुदतीत हे बसते. किनाऱ्यावरून आत बी नेण्याचे काम हत्तीसारख्या, आता नष्ट झालेल्या महाकाय प्राण्यांनी केले असावे, असा त्यांचा तर्क आहे. हे प्राणी गेले आणि अमेरिकेतला रानटी तुंबाही गेला. उरला तो माणसाने हाताशी धरलेला.

या दोन्ही शोधनिबंधांच्या लेखकांत ब्रूस स्मिथ यांचे नाव आहे. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच सहभाग घेऊन काढलेला निष्कर्ष नव्या पुराव्यापुढे त्यांनी बाजूला ठेवला. विज्ञानात मत बदलणे हा पराभव मानत नाहीत, हे विद्यार्थ्यांना शब्दांनी सांगण्यापेक्षा या उदाहरणाने सांगावे. १९५४ चा साधा प्रयोग साठ वर्षांनी पुन्हा कामी आला, हेही सांगावे.

आपल्या दारातला तुंबा

आपल्याकडे संन्याशाचा कमंडलू तुंब्याचा असे. पोहायला शिकणारी मुले आणि नदी ओलांडणारे लोक पाठीला सुके भोपळे बांधत. वाका प्रिएताच्या जाळ्यांना तरंगवणारे तत्त्वच येथेही होते. बस्तरमध्ये आणि त्याला लागून असलेल्या गडचिरोलीच्या जंगलभागात आदिवासी पाणी, पेज नेण्यासाठी तुंबा वापरत आले आहेत. कवचाच्या आतला सच्छिद्र थर उष्णता सावकाश जाऊ देतो, म्हणून आतला पदार्थ बाहेरच्या उन्हाने लवकर तापत नाही. बस्तरचे कारागीर तापवलेल्या लोखंडी हत्याराने तुंब्यावर नक्षी भाजतात. पेरूचा निखारा आणि बस्तरचे तापले लोखंड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यांना जोडणारे आहे ते कवचाचे रसायन.

वारली लोकांच्या तारप्यात भोपळा आहे आणि मिरजेच्या तंबोऱ्यातही आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. त्यांना लागणारे मोठे, गोल, जाड कवचाचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन वाद्याला मिळते, वेलाला नव्हे. बाजाराला हवा असतो तो कोवळेपणी तोडायचा, पातळ सालीचा लांब दुध्या. बियाणेही त्याचेच विकले जाते. जाड कवचाच्या, कडू, 'निरुपयोगी' जातीचे बी शेतकऱ्याने पुढच्या वर्षासाठी धरले नाही, तर ती जात संपते. ॲल्युमिनिअमचा तांब्या आणि प्लॅस्टिकची बाटली आल्यापासून ते बी धरण्याचे कारणच घरोघरी उरलेले नाही. वाटी कुजली तर एक वाटी गेली, पण बी गेले तर माणसाने हजारो वर्षे केलेली निवड जाते.

वर्गासाठी

हा विषय शाळेत एका वर्षाचा प्रकल्प म्हणून सहज घेता येईल. गावातल्या जुन्या माणसांकडे तुंब्याचे, म्हणजे गोल व जाड कवचाच्या भोपळ्याचे, बी आहे का याची मुलांनी चौकशी करावी. जूनमध्ये बी लावून वेल कुंपणावर चढवावा. संध्याकाळी फूल उमलताना कोणते कीटक येतात ते पाहावे. फळे देठ सुकेपर्यंत वेलावरच ठेवावीत. काढल्यावर दर आठवड्याला वजन करून आलेख काढावा. रेषा आधी झपाट्याने उतरते, मग आडवी होत जाते. ती आडवी झाली म्हणजे फळ वाळले, हे खुळखुळ्याआधी आलेखच सांगेल.

वाळलेल्या फळांपैकी दोन-तीन वाटीसाठी घ्यावीत. करवतीचे काम शिक्षकांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावे. नक्षी मुलांनीच ठरवावी. आपल्या गावातले वर्षभराचे काम कोचासच्या कारागिरांप्रमाणे एका वाटीवर मांडता येते का, हे त्यांना करून पाहू द्यावे.

आणखी पाच-सहा फळे न कापता बाजूला ठेवावीत. पिंपात पाणी घेऊन लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ विरघळवावे. समुद्राचा खारेपणा साधारण इतकाच असतो. त्यात ही फळे तरंगत सोडावीत. दर महिन्याला एक फळ बाहेर काढून त्यातल्या वीस बिया कुंडीत पेराव्यात. शेजारी कोरड्या ठेवलेल्या फळातल्या वीस बिया तुलनेसाठी पेराव्यात आणि किती उगवल्या ते लिहून ठेवावे. पिंपातले पाणी आटेल तसे साधे पाणी घालत राहावे, मीठ मात्र पुन्हा घालू नये. ते का, हा प्रश्न मुलांना आधीच विचारावा आणि उत्तर त्यांच्याकडून येईपर्यंत थांबावे.